माडीच्या सागवानी फळ्या

लग्नाला चार वर्षं झाली तरी आमचे हे पडवीत निजायचे आणि मी माजघरात, असा आमचा संसार. पडवीत मामंजी, धाकटे दीर आणि हे. माजघरात सासूबाई, दोन नणंदा आणि मी. मधे एक दार होतं, त्याची कडी मामंजींच्या उशाशी. घर चौलात, मागे पोफळीची वाडी, पुढे हे एवढं अंगण, जागेला काही तोटा नव्हता. पण दोन माणसांना दार लावून बसता येईल अशी खोली घरात एकच होती, माडीवरची, आणि तिच्यात सुपारी राहायची. सुपारीला वारा लागतो, असं मामंजी म्हणायचे. माणसालाही लागतो हे त्यांना कोण सांगणार?

वर पुन्हा येणारीजाणारी बाई मलाच विचारायची, पाळणा कधी हलायचा म्हणून. मी आपली मान खाली घालून तांदूळ निवडायची. मनात म्हणायची, बाई गं, जरा त्या सुपारीलाच विचार.

हे रेवदंड्याच्या शाळेत मास्तर होते. एकदा कसल्याशा परीक्षेला बोटीने मुंबईला गेले आणि परत आले ते डोक्यात खूळ घेऊनच. परीक्षेच्या दिवाणखान्यात म्हणे लाकडाची जमीन होती, घासून, तेल पाजून अशी केलेली की खाली वाकलं की आपलं तोंड दिसावं. पेपर कसा गेला ते यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, जमिनीबद्दल मात्र आठ दिवस बोलत होते. आपल्या माडीलाही खाली सागवानी फळ्या आहेत, त्या घासून काढू, आणि तेवढ्यासाठी सुपारी हलवली की खोली आपण मागून घेऊ, असा त्यांचा बेत. बेत यांचा असला तरी जीव माझा त्यात अडकला. मला जमीन चकचकीत नको होती. मला ते दार हवं होतं.

मामंजींनी ऐकून घेतलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि अटी घातल्या. माडीच्या बरोबर खाली देवघर. वरून देवांवर कण पडता कामा नये, थेंब पडता कामा नये. आणि कार्तिकात नवी सुपारी उतरायच्या आत काम पुरं झालं पाहिजे. झालं तर खोली तुमची. नाही झालं तर सुपारी परत वर जाईल आणि पुन्हा या घरात माडीचं नाव कोणी काढायचं नाही.

नारळी पौर्णिमा झाली आणि आम्ही सुपारीची पोती खाली आणली. आता फळ्या घासायच्या, तर फळ्या दिसायला तर हव्यात. आमच्याकडे सारवलेली नाही ती जमीनच नव्हे, मग ती मातीची असो की सागाची. माडी बांधल्यापासून दर पंधरवड्याला तिच्यावर शेणाचा हात फिरलेला. चाळीस वर्षांत चार बोटं जाडीचा थर चढलेला. खालचा साग मामंजींनीही चाळीस वर्षांत बघितला नव्हता.

आम्ही खुरपी घेऊन बसलो. थरावर थर, पुस्तकाच्या पानांसारखे सुटत होते, आणि प्रत्येक थरावर हाताचे फेर अगदी तसेच्या तसे उमटलेले. वरचे माझे. मी घाटावरची, माझा हात उलटा फिरतो, तो लगेच ओळखू आला. त्याखालचे सगळे सासूबाईंचे. पार तळाशी एका थरात हिरव्या बांगडीचा तुकडा रुतलेला सापडला. मी तो खाली नेऊन सासूबाईंना दाखवला. त्यांनी तो पदराने पुसला, उजेडाकडे धरून बघितला आणि कनवटीला लावला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाचंही अप्रूप.

शेण निघालं आणि खालून निघाल्या फटी. बोट जाईल एवढ्या. चाळीस वर्षं त्या शेणानेच माडी सांधून धरली होती. मामंजी पूजेला बसले की वरून त्यांची शेंडी दिसायची, आणि आम्ही घासायला बसलो की भुसा थेट त्यांच्या पंचपात्रीत. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मान वर करून फटीतून यांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि फक्त खाकरले. सासूबाईंनी मग देवांवर ओलं धोतर ताणून बांधलं. देव तंबूत राहायला गेल्यासारखे दिसू लागले.

यांची काम करायची तऱ्हा म्हणजे मास्तरी. एकंदर सत्तावीस फळ्या. यांनी खडूने प्रत्येकीवर आकडा टाकला आणि मुंबईहून मागवलेला काचकागद घेऊन रोज शाळेनंतर एकेक घासायला घेतली. घासून झाली की तळहात फिरवून दहापैकी गुण द्यायचे आणि तेही खडूने फळीवरच लिहायचे. सहाच्या खाली नापास. नापास फळी दुसऱ्या दिवशी पुन्हा. अकरा नंबरची फळी तीनदा नापास झाली तेव्हा हे तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि माझ्याशीही. महिना संपत आला तेव्हा पाच फळ्या पास, बोटांची सालं निघालेली आणि काचकागद खलास. गावातले लोक अंगणाशी थांबून विचारायचे, मास्तर, वरचा वर्ग कुठवर आला? हसतील नाहीतर काय करतील? मी मात्र हसत नव्हते. मी पोफळींकडे बघायची. सुपारीचे घोस पिवळे पडायला लागले होते आणि मी कार्तिकाला उरलेले दिवस बोटांवर मोजायची.

गावच्या सुताराला बोलावलं, तर त्याने फटीत बोट घालून बघितलं आणि सांगितलं की सगळ्या फळ्या उचकटून नव्याने सांधायला हव्यात, फाल्गुनात या. फाल्गुन! त्या दिवशी मी यांना पहिल्यांदा उलटून बोलले. म्हटलं, तुमचे गुण पुरे झाले, आता कुणीतरी काम करणारा माणूस आणा. हे न जेवता रेवदंड्याला गेले आणि संध्याकाळच्या आत खाडीवरून एक म्हातारा सुतार घेऊन आले. हा जन्मभर मासेमारीचे मचवे बांधणारा. त्याची गिऱ्हाइकं सगळी पौर्णिमेला पाण्यात गेलेली, त्यामुळे तो रिकामा होता. घर म्हणून त्याने आयुष्यात काही दुरुस्त केलेलं नव्हतं.

तो माडीवर आला, चौफेर बघितलं आणि यांना विचारलं, फुडची बाजू कंची? यांनी गंभीरपणे पूर्व दाखवली. मग त्याने पूर्वेकडून सुरुवात केली. कापसाचा पीळ करायचा, राळेत बुडवायचा आणि बोथट छिन्नीने फटीत ठोकून बसवायचा. ठकठक, ठकठक, सहा दिवस. खाली मामंजींची संध्या त्याच ठेक्यावर व्हायला लागली. सहाव्या दिवशी खालून वर बघितलं तर उजेडाची एक रेघ दिसेना. म्हाताऱ्याने यांचे काचकागदाचे उरलेसुरले तुकडे बघून मान हलवली आणि पिशवीतून लाकडाच्या ठोकळ्यावर ताणून बसवलेलं एक करडं, वाळकं कातडं काढलं. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, दुसऱ्या बाजूने फिरवला तर हाताची साल निघावी. घोरपडीचं असेल, असं यांनी ठरवून टाकलं. विचारलं नाही. मास्तर माणूस, विचारलं तर आपल्याला ठाऊक नाही असं दिसतं ना.

त्या कातड्याने बावीस फळ्या चार दिवसांत साफ झाल्या. अकरा नंबरसुद्धा. मग त्याने मडक्यातून दाट, पिवळट तेल आणलं, त्यात राळ उकळली, आणि नारळाच्या सोडणाने ते फळ्यांवर चोळायला घेतलं. एक हात तो, एक हात हे आणि एक हात मी. वास यायचा, नाही असं नाही. पण मी घाटावरची. लग्न होऊन बोटीतून उतरले तेव्हापासून मला इथे कसला ना कसला वास येतच होता, तो समुद्राचा असतो असं मी धरून चालले होते. यांना बाराही महिने पडसं. मामंजींचं नाक तपकिरीने केव्हाच निकामी केलेलं, भाजी करपली तरी त्यांना दुसऱ्याने सांगावं लागे. दीर-नणंदा काम लागेल म्हणून जिन्याकडे फिरकत नसत. उरलं धड नाक ते एकट्या सासूबाईंचं, आणि त्या गुडघ्यांमुळे माडी चढत नव्हत्या. शिवाय जमीन अशी बंद झालेली की वरचा वास खाली जायला वाट राहिली नव्हती.

तेल तिसऱ्या दिवशी मुरलं. ती जमीन मी आजही डोळे मिटून बघू शकते. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं आणि फळ्या मधासारख्या झाल्या. हे ओणवे होऊन त्यात आपलं तोंड बघत बसले. मी बघितलं ते दाराकडे. आतून कडी लावून बघितली. नीट लागत होती.

मग मामंजींची परीक्षा. त्यांनी पाट मांडला, डोक्यावर छत्री उघडली आणि देवांसमोर मान वर करून बसले. वर पाणी ओता म्हणाले. आम्ही एक घागर ओतली. थेंब नाही. दुसरी ओतली. थेंब नाही. मामंजींनी छत्री मिटली आणि आणखी दोन ओतायला सांगितलं. चार घागरी झाल्या तरी देव कोरडे, मामंजी कोरडे. खोली तुमची, असं त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. अडचण एवढीच झाली की पाणी कुठेच जाईना. मचव्यात दर्या बाहेर ठेवायचा असतो, आमचा दर्या आत राहिला. आम्ही नवराबायको गुडघ्यावर बसून करवंट्यांनी ते पाणी खिडकीतून बाहेर उपसत होतो, आणि मी इतकी सुखात होते की मला ते संपूच नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आश्विनातलं कडक ऊन पडलं आणि मांजरं आली. आधी आमचं, मग शेजारचं, मग कुणाचीच नव्हेत अशी. कोळीवाड्यापासून निघाली असावीत. जिन्यावर मांजरं, खिडकीत मांजरं, आणि आतमध्ये दहाबारा मांजरं शिस्तीत बसून आमची जमीन चाटताहेत. मी झाडूने हाकलते तर एक बाहेर आणि दोन आत. तो गोंधळ ऐकून सासूबाई कुथत कुथत जिना चढल्या. दारात थांबल्या. वाकून एक मोठा श्वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, त्या सुताराला बोलवा.

सुतार अंगणात उभा राहिला. सगळं घर ओटीवर. मामंजींनी विचारलं, तेल कसलं होतं? म्हाताऱ्याला वाटलं, शाबासकी द्यायला बोलावलंय.

"मुशीच्या काळजाचं हाय," तो म्हणाला. "कातडं बी मुशीचंच. घोर करू नका, वीस वर्सं लाकडाला काय व्हनार न्हाय."

मुशी म्हणजे काय ते मला धाकट्या नणंदेने कानात सांगितलं. मासा. आणि साधासुधा नव्हे, माणसाला चावणारा. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात उंबरठ्याबाहेर. आणि देवांच्या बरोबर डोक्यावर, कापसाने आणि राळेने घट्ट बसवून, आम्ही दोघांनी आपल्या हाताने एक अख्खा मासा चोळून ठेवलेला. वीस वर्षांच्या बोलीने.

त्या क्षणी मला वाटलं, संपलं. खोली गेली, आता मी म्हातारी होईपर्यंत नणंदांच्या मधे निजणार. मामंजी ओटीवरून उठले. शेण फिरवून शुद्ध करा, एवढंच म्हणाले. मी तासाभरात घमेलंभर शेण कालवलं आणि माझी मधासारखी जमीन माझ्याच हाताने सारवून टाकली. रडत रडत सारवली, खोटं कशाला सांगू? पण तेल प्यायलेल्या लाकडाला शेण धरेना. सकाळी बघावं तर पापडासारखे पोपडे उभे राहिलेले आणि त्याखाली फळ्या हसताहेत. पुन्हा सारवलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मामंजींनी हात टेकले. जी जमीन शेण घेत नाही ती शुद्ध व्हायची कशी? आणि देवाला, श्राद्धाला, मुंजीला जाणारी सुपारी तिथे ठेवायची कशी? त्यांनी देव उचलून ओटीलगतच्या खोलीत नेले, सुपारी गोठ्याच्या माळ्यावर पाठवली आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"ज्यांनी चोळलं त्यांनीच राहावं आता त्या होडीत," ते म्हणाले. "वास जाईपर्यंत वर दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सगळ्यांना वाटलं, सून रडतेय. नणंदेने तर पाठीवरून हात फिरवला. हे बिचारे खरंच उतरल्या चेहऱ्याने उभे होते, त्यांच्या ध्यानात यायला जेवणाची वेळ उजाडली. शिक्षा म्हणून आम्हाला खोली मिळाली. दार, कडी, वारा सगळं. कुणी चुकून वर येईल ही भीतीसुद्धा नको. मुंबईच्या त्या दिवाणखान्यातल्या जमिनीने जे झालं नसतं ते माशाने केलं.

पण "वास जाईपर्यंत" हे शब्द माझ्या मनात कुसळासारखे टोचत राहिले. दर वर्षी कार्तिकाच्या तोंडावर मामंजी जिन्याखाली यायचे. बोटांत तपकिरीची चिमूट तशीच धरून विचारायचे, गेला का वास? स्वतःला कळायचं नाही, म्हणून सासूबाईंना पाठवायचे. सासूबाई तीन पायऱ्या चढायच्या, थांबायच्या, नाक वर करून श्वास घ्यायच्या. मी वर दाराआड उभी, कडी धरून. "अजून आहे हो," सासूबाई सांगायच्या. मामंजी चिमूट ओढून निघून जायचे आणि सुपारी आणखी एक वर्ष गोठ्यावर.

दुसऱ्याच वर्षी मला वास येईनासा झाला. सवय झाली की खरंच गेला, काही कळेना. तोवर थोरला पाळण्यात होता. त्याला घेऊन पुन्हा माजघरात जायचं, या नुसत्या विचाराने मला घाम फुटला. वाडीच्या कुंपणापलीकडून एक कोळीण जायची. मी तिला दोन नारळ दिले आणि तिच्याकडून त्या तेलाची बाटली घेतली. मी, जिने जन्मात माशाच्या पाटीकडे बघितलं नव्हतं ती! नाकाला पदर बांधून दाराच्या मागच्या बाजूला, खालच्या अंगाला, बोटभर तेल चोळायची. यांनाही सांगितलं नाही. दर आश्विनात एकदा, अशी पाच वर्षं.

सहाव्या वर्षी, तोवर धाकटीही चालायला लागली होती, एका दुपारी सासूबाई आणि मी ओटीवर सुपारी सोलत बसलो होतो. पडवीत मामंजींचं घोरणं. सासूबाईंनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, यंदा तेल आणू नकोस. मी गारच पडले.

"दार चांगलं आहे, उगाच खराब करतेस," त्या म्हणाल्या. "वास पहिल्या पावसातच गेला होता."

मी पडवीतल्या घोरण्याकडे कान दिला. मग त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यात लवंगा होत्या, एक वेलदोडा होता आणि तो हिरव्या बांगडीचा तुकडा होता. नवी नवरी असताना त्यांनीही ती खोली मागितली होती म्हणे, एकदाच. उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी सुपारी वर गेली आणि सारवायचं काम त्यांच्याकडे आलं. त्याच दिवशी हात जोरात आपटून बांगडी फुटली. मग चाळीसहून अधिक वर्षं माजघर. हे सगळं त्यांनी वाडीतल्या पाण्याची पाळी सांगावी तसं सांगितलं. मला मात्र रडू आवरेना, आणि यावेळी तोंडात पदर कोंबायची गरज नव्हती.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, मला वर घेऊन चल. मी त्यांना धरून एकेक पायरी चढवली. तिसरी, चौथी, सगळ्या. त्या जमिनीवर टेकल्या, तळहात फळीवर ठेवला आणि सवयीने दोन फेर फिरवले. हाताला गुळगुळीत लाकूड लागलं तशा थांबल्या. खिडकीतून वारा येत होता.

"दार लाव गं जरा," त्या म्हणाल्या. "कसं वाटतं ते बघू."

मी कडी लावली. आम्ही दोघी सासवासुना भर दुपारी दार बंद करून नुसत्या बसून राहिलो. खाली मामंजी उठले असावेत. जिन्याशी येऊन त्यांनी हाक मारली, अगं, वर कोण गेलंय, वास गेला की काय?

सासूबाईंनी बंद दाराकडे बघितलं, पाय लांब केले आणि पाठ भिंतीला टेकवली.

"अजून आहे हो," त्या आतून म्हणाल्या. "भरपूर आहे."